पुसापुशी

परतवाड्याच्या बसस्टँडच्या आसपास ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. बाहेर फ्लेक्सवर पॅनकार्डापासून पीकविम्यापर्यंतची यादी. आत दोन-तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि बाकड्यावर हातात कागदांची पिशवी धरून बसलेली माणसं. कुणी धारणीहून घाट उतरून आलेलं, कुणी चांदूर बाजारहून. या पावसाळ्यात अशाच एका दुकानात मी भाच्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेलो होतो. सर्व्हर बसलेला होता, म्हणजे आपणही बसायचं. बसल्या बसल्या माझी नजर कीबोर्डशेजारच्या वहीवर गेली.

दोनशे पानी लाँगबुक. पुठ्ठा सुटलेला, त्याला खाकी टेप. आत एकेका कामाला एकेक पान दिलेलं: जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा. पानावर पायऱ्या लिहिलेल्या. आधी कोणतं बटण, मग कोणती चौकट, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं, ओटीपी येत नसेल तर किती वेळ थांबायचं. अक्षरं तीन-चार प्रकारची, निळी, काळी, मध्येच लाल. समासात बाण. एका ठिकाणी ‘हे चालत नाही’ असं लिहिलेलं आणि खाली दुसऱ्या हाताने, ‘चालते. दुसऱ्या ब्राउझरात उघडा.’

कामाला नवीनच लागलेला एक पोरगा शिष्यवृत्तीच्या पानावरची ओळ खोडत होता. मालकाचं लक्ष गेलं.

“काय खोडलं रे?”

“वीस केबीची ओळ, भाऊ. आता पन्नास केबीचा फोटो घेते थे.”

“खोडाच्या आंदी पुसलं का कोनाले?”

पोरगा गप्प.

“थे वीस केबी सहीचे हायेत. फोटोचे नाही.”

वहीत नुसतंच ‘२० केबी’ लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला ते सहीबद्दल आहे हे माहीत होतं, म्हणून त्याने ‘सही’ हा शब्द लिहिला नाही. वाचणाऱ्याला ते माहीत नव्हतं, म्हणून त्याने ओळ खोडली. दोघांचंही फारसं चुकलं नव्हतं, आणि तरी पुढच्या दहा पोरांचे अर्ज अडकले असते.

पुसणे या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक फडक्याने मिटवणे. दुसरा विचारणे. पुण्या-मुंबईकडे दुसरा अर्थ ‘विचारपूस’सारख्या जोडशब्दात वळचणीला जाऊन बसला, वऱ्हाडात तो अजून ओसरीवर आहे. मालकाच्या वाक्यात खोडणं आणि पुसणं शेजारी शेजारी आलं आणि माझ्या डोक्यात गेली बरीच वर्षं घोळत असलेला एक विषय एकदम जागेवर बसला. विषय असा: अनेकांनी मिळून लिहायच्या, कुणालाही बदलता येणाऱ्या माहितीची प्रत राखायची कशी? विशेषतः सॉफ्टवेअर कसं वापरावं, याच्या माहितीची.

ती फाटकी वही म्हणजे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका आहे असं मालकाला सांगितलं असतं तर तो हसला असता. पण ज्याला जगभर विकी म्हणतात त्या प्रकाराचा जन्म नेमक्या अशाच वहीच्या गरजेतून झाला. २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘विकिविकिवेब’ लोकांसाठी खुलं केलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे चटकन. होनोलुलूच्या विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या बसला ‘विकी विकी’ म्हणत. त्यावरून हे नाव. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना रोज त्याच त्या अडचणी येतात, त्यावरचे तोडगे प्रत्येकाच्या डोक्यात असतात, ते एका जागी लिहून ठेवावेत आणि ज्याला अधिक ठाऊक त्याने तिथेच दुरुस्त करावेत, एवढाच हेतू. विश्वकोश वगैरे पुढची गोष्ट. विकिपीडिया आला १५ जानेवारी २००१ला. मराठी विकिपीडिया १ मे २००३चा, महाराष्ट्र दिनाचा.

विश्वकोश आणि सॉफ्टवेअरची वही यांत एक फरक आहे आणि तोच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. विश्वकोशातला अकबर दर सहा महिन्यांनी बदलत नाही. सॉफ्टवेअर बदलतं. बटण डावीकडून उजवीकडे जातं, जुनी आज्ञा बंद होते, एकाची दोन पानं होतात. त्यामुळे लिहिलं त्या दिवशी शंभर टक्के खरं असलेलं पान कुणीही हात न लावता हळूहळू खोटं होत जातं. विकीची काळजी म्हटली की लोकांना वाटतं, कुणीतरी येऊन शिव्या लिहील, पान कोरं करील. असले उत्पात लगेच दिसतात आणि एका क्लिकने परतवता येतात. (परतवणं आमच्या गावाच्या नावातच आहे, हा विनोद मी इथेच उरकून घेतो.) खरा धोका शांत, सभ्य, जुन्या झालेल्या पानाचा. शकुंतलेसारखं. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी ती छोट्या रुळांची गाडी थांबून काही वर्षं झाली. पण अचलपूरच्या स्टेशनाकडे जाणारा रस्ता विचारला तर लोक अजूनही नीट सांगतात. रस्ता बरोबर असतो, गाडी नसते.

*

परतवाड्याहून चांदूर बाजारमार्गे गेलं की मोर्शी तालुक्यात ऋद्धपूर लागतं. रिद्धपूर, ऋद्धिपूर, रितपूर, जसं ज्याच्या तोंडी बसेल तसं. आमच्याकडे गावांना एक नाव पुरत नाही. अचलपूर म्हणजे इंग्रजांचं एलिचपूर, महानुभावांच्या पोथ्यांतलं अळजपूर, आणि परतवाडा म्हणजे जुन्या लोकांचं अचलपूर कॅम्प. विकीवाल्यांना अशा गावासाठी एक खरं पान आणि त्याकडे वळवणारी तीन-चार कोरी पानं ठेवावी लागतात.

ऋद्धपूर आता मराठी भाषा विद्यापीठामुळे बातम्यांत असतं. मी मात्र तिथे त्या वहीच्या निमित्ताने गेलो. कारण तेराव्या शतकात याच गावात एका माणसाने पुसापुशी करून एक ग्रंथ उभा केला. म्हाइंभट त्याचं नाव.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य ऋद्धपूरला त्यांच्या गुरूंच्या, गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिले. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, चक्रधरांच्या आठवणी पुन्हापुन्हा मनात घोळवत असत. म्हाइंभटाच्या लक्षात आलं की या आठवणी आज माणसांत आहेत. उद्या माणसं नसतील. मग तो कामाला लागला. ज्याच्याशी चक्रधर बोलले त्याला गाठायचं, कुठे बोलले, कोण समोर होतं, त्याआधी काय झालं होतं, ते पुसायचं. ऐकलेलं आणून नागदेवाचार्यांसमोर ठेवायचं. त्यांना पटलं, ताडून पाहिलं, की ते लिहायचं. गावातल्या वाजेश्वरीच्या स्थानी हे लेखन झालं असं परंपरा सांगते. काळ साधारण १२७८चा. अशा हजारावर लीळांतून, म्हणजे प्रसंगांतून, ‘लीळाचरित्र’ झालं. मराठी गद्याचा आरंभ म्हणून आपण ते परीक्षेत लिहितो आणि विसरतो.

ते वाचताना मला दर वेळी चकित करतं ते त्यातलं तत्त्वज्ञान नसून त्यातली बारीकसारीक नोंद. कोण कुठे बसलं होतं, काय खाल्लं, कोण रुसलं, कुणी पाणी आणलं. भक्तीच्या भरात लिहिणारा माणूस हे गाळतो. साक्षी गोळा करणारा माणूस ठेवतो. फोटोची की सहीची, हे म्हाइंभट लिहिल्याशिवाय राहिला नसता.

पुढे याच पंथातल्या केशोबासांनी या चरित्रातली चक्रधरांची वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ केला. पाठ करायला सोपं, विषयवार लावलेलं, आटोपशीर. पण वचन प्रसंगातून उचललं की त्याचा अर्थ सुटा होतो, कसाही लावता येतो; म्हणून मग कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं हे सांगणारं ‘प्रकरणवश’ लिहावं लागलं. लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुठल्यातरी पानावरून एक ओळीची कमांड उचलायची, टर्मिनलमध्ये चिकटवायची आणि एंटर दाबायचं, हा सूत्रपाठच आहे. ती कमांड कोणत्या आवृत्तीसाठी, कोणत्या अडचणीवर, काय काय करून झाल्यावर द्यायची होती, ते प्रकरण मागच्या परिच्छेदात राहून गेलेलं असतं. माझ्या एका हार्ड डिस्कचं विभाजन मी असंच सूत्रापुरतं वाचून केलं होतं. लग्नाचे फोटो त्यात होते. त्यावर घरात जे झालं ते प्रकरणवश सांगत नाही.

*

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी हा सगळा प्रवास केला.

म्हाइंभटाची मूळ पोथी हरवली. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दख्खनेत आल्या, त्या धामधुमीत ती गेली, असं पंथाची परंपरा सांगते. तेव्हा पंथाच्या लोकांनी काय केलं? ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडे पुन्हा जाऊन पुसलं. हिराइसा नावाच्या बाईंची स्मरणशक्ती विलक्षण होती; त्यांच्या आठवणीतून एक पाठ उभा राहिला. परशरामबासांचा एक, आणखी कुणाकुणाचा एक. साहजिकच ते तंतोतंत जुळले नाहीत. आणि इथे त्या लोकांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. न जुळणारं त्यांनी मिटवलं नाही. अमुक लीळा हिराइसाच्या पाठात अशी, परशरामबासांच्या पाठात तशी, अशा नोंदी मजकुरातच ठेवल्या. त्यासाठी एक शब्दही योजला: ‘वासना’. वासना म्हणजे इथे पाठभेद, एखाद्या गोष्टीची वेगळी सांगी. काही शतकांनंतर ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांच्यासारखे संशोधक पोथ्या ताडून पाहू शकले. त्याला हेही एक कारण आहे की आधीच्यांनी भांडण मिटवण्यासाठी पुरावा मिटवला नव्हता.

याच्या शेजारी मला २००८ सालची एक घटना ठेवावीशी वाटते. जेंटू नावाची लिनक्सची एक जात आहे. ती बसवणाऱ्याला बहुतेक सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर स्वतः रचून घ्यावं लागे, म्हणून तिच्या वापरणाऱ्यांत एकमेकांना पायऱ्या सांगण्याची मोठी परंपरा. त्यांनी एक विकी चालवला होता. अधिकृत नव्हता, पण जगभरचे लोक, जेंटू न वापरणारेसुद्धा, तिथे उत्तर शोधत. त्या वर्षी त्याचा सगळा डेटाबेस गेला. बॅकअप नव्हता. हजारो लोकांनी लिहिलेली, एकमेकांची दुरुस्त केलेली पानं एका दिवसात नाहीशी झाली. मग लोकांनी काय केलं? शोधयंत्रांनी आपल्यासाठी साठवून ठेवलेल्या शिळ्या प्रती उपसल्या, कुणी आपल्या संगणकावर जतन केलेली पानं काढली, आणि जमेल तेवढं पुन्हा उभं केलं. हिराइसा यंत्राच्या रूपात आली म्हणा. पण यंत्राने पानाचा शेवटचा चेहरा तेवढा राखला होता. कोणती ओळ कुणी, केव्हा, का बदलली, कशावर वाद झाला, तो इतिहास गेला तो गेलाच. त्यानंतर बरेच जण आर्च लिनक्सच्या विकीकडे वळले, आणि आज लिनक्सवर काही अडलं की पहिलं पान बहुधा त्याच विकीचं निघतं.

म्हाइंभट हा पहिला विकिपीडियन होता, असलं काही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडे सगळं आधीच होतं, हे सांगणाऱ्यांची दिवाळी अंकांत कमी नाही. ऋद्धपुरात शेवटचा शब्द नागदेवाचार्यांचा होता. तिथे श्रद्धेचा प्रश्न होता, प्रिंटर चालण्याचा नव्हता. आणि पुढे या पंथाने आपलं वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केलं, ते इतकं की विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या मराठी माणसाला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. खुल्या विकीच्या अगदी उलट. एवढंच म्हणतो की साक्षीदाराचं नाव आणि न जुळणारी सांगी पानावर ठेवण्याची रीत या मातीत परकी नाही.

*

मग दाराशी पहारा बसवायचा की नाही? कोणीही यावं आणि लिहावं म्हटलं की शहाण्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो.

पहाऱ्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग न्यूपीडियाचा. विकिपीडियाच्या आधी, २०००मध्ये, त्याच मंडळींनी तो काढला. तज्ज्ञांनी लिहायचं आणि लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून वर यायचा. पहिल्या वर्षात दोन डझनही लेख मंजूर झाले नाहीत. कंटाळून शेजारी कुणालाही लिहिता येईल असा विकी ठेवला, तर त्यावर वर्षअखेरीस वीस हजारांच्या घरात लेख. ही गोष्ट सांगून लोक पहाऱ्याची थट्टा करतात. मी करणार नाही, कारण पायऱ्यांचा एक प्रयोग आपल्याच राज्यात चालतो आणि चांगला चालतो.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारच्या शिक्षण मोहिमेचा पैसा, आणि विषय मुक्त सॉफ्टवेअर: लिबरऑफिस, जिंप, सायलॅब, लाटेक, पायथन, जावा. दहा-दहा मिनिटांचे धडे. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडं. पाहायचं, थांबवायचं, करायचं. धड्यांच्या संहिता एका विकीवर असतात आणि भारतीय भाषांतले अनुवादही, त्यांत मराठी आहे. आधी आराखडा, मग संहिता, मग ती एका नवख्याकडे द्यायची. त्या विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाने संहिता वाचून ते काम करून दाखवायचं. तो अडला तर चूक संहितेची. त्यानंतर चित्रीकरण, आणि त्यावर पुन्हा विषयाच्या जाणकाराची व गुणवत्तेची वेगवेगळी तपासणी.

ही नवख्याची पायरी मला सगळ्या पहाऱ्यांत शहाणी वाटते. न्यूपीडियात दाराशी पंडित उभा होता. इथे अडाणी उभा आहे, आणि त्याचं अडाणीपण हेच त्याचं अधिकारपत्र आहे. केशोबासांनी संस्कृतात लिहायचं म्हटलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, का तर आपल्या म्हाताऱ्यांना त्यातलं काही मिळणार नाही. ती ‘स्मृतिस्थळा’तली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. म्हातारीला कळतं का, ही कसोटी.

मराठी अनुवाद करणाऱ्याची आणखी एक कुतरओढ त्या संहितांत दिसते. चित्र इंग्रजी धड्याचं, तेच राहतं. आवाज तेवढा मराठी. म्हणजे डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे वाक्य, आणि वाक्य तेवढ्यात बसलं पाहिजे. इंग्रजीत आज्ञा आधी येते, वस्तू मागून. मराठीत वस्तू आधी आणि क्रियापद पार शेवटाला. पडद्यावर बाण बटणावर पोचलेला असतो आणि आपलं ‘क्लिक करा’ अजून वाटेत असतं. शिवाय पडद्यावरचे शब्द इंग्रजीत, म्हणून ‘फाईल मेनू’ म्हणावंच लागतं. ‘संचिका’ म्हटलं तर नवखा पडद्यावर संचिका शोधत बसतो.

शब्दांचं हे भांडण मराठी सॉफ्टवेअरमध्ये जुनं आहे. सेव्ह की जतन, फोल्डर की संचयिका. एकाच प्रणालीत एका खिडकीत एक शब्द, दुसऱ्या खिडकीत दुसरा. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी २००८मध्ये ‘फ्युएल’ प्रकल्प काढला तो यासाठी. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची, त्या भाषेच्या अनुवादकांनी एकत्र बसून प्रत्येकाला एकच प्रतिशब्द ठरवायचा. सुंदरच शब्द हवा असा हट्ट नाही, सगळीकडे तोच हवा. कवीला हे रुचणार नाही, पण ज्याला बटण शोधायचं आहे त्याला हेच हवं असतं.

मराठी विकिपीडियाने मात्र काही शब्द असे काढले की त्यांचा मला हेवा वाटतो. सगळ्यांनी मिळून बोलायचं पान, ती चावडी. आपोआप चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, तो सांगकाम्या. आणि नव्याने आलेल्याने हात साफ करायची जागा, धूळपाटी. लाकडी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं, अशी पोरं शिकत होती. धूळपाटीवर केलेल्या चुकीची कुणी नोंद ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

आर्च लिनक्सच्या विकीचा पहारा आणखी मजेशीर. कित्येक वर्षं तिथे खातं उघडताना एक कमांड चालवून तिचं उत्तर लिहायला सांगत. पदवी नको, ओळख नको. तू ही प्रणाली खरंच वापरतोस का एवढं दाखव. आत आल्यावर तीन मूळ नियम: प्रत्येक बदलाचा सारांश लिही, एका दमात गुंतागुंतीचा मोठा बदल करू नकोस, आणि सगळं पान नव्याने लिहायचं तर आधी चर्चापानावर सांग. तिन्हींचं मराठी एका शब्दात होतं आणि तो शब्द दुकानदाराच्या तोंडी होता. पान चुकीचं वाटलं, जुनं वाटलं, तर लगेच खोडायचं नाही. त्या भागाच्या डोक्यावर पाटी लावायची, ‘यात शंका आहे’, ‘हे कालबाह्य झालं आहे’, आणि का ते लिहायचं. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीच्या पडद्यावरचे शब्द जिथे मराठीत आणले जातात त्या ट्रान्सलेटविकीवरही हीच तऱ्हा. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की मराठी वाक्यावर ‘हे तपासा’ अशी खूण पडते. वाक्य जात नाही. जुनं भाषांतर अगदीच काही नसण्यापेक्षा बरं असतं, फक्त ते जुनं आहे हे दिसलं पाहिजे.

*

मी हे सगळं तटस्थपणे लिहीत नाही, हे सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या विकीवर मी मराठी टंकलेखनाचं पान लिहिलं. कोणत्या विकीवर, ते सोडा. त्यात एक परिच्छेद ‘ऱ’बद्दल होता. मराठीत ‘आचार्य’मधला रफार वेगळा आणि ‘सुऱ्या’मधला आडवा र वेगळा. हिंदीत हा दुसरा प्रकार नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर जे दाबलं की र येतो, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. त्याला हलन्त जोडून पुढचं अक्षर टाइप केलं की आडवा र उमटतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहिताच येत नाही. तो ‘वर्हाड’ लिहितो आणि आम्हा वऱ्हाड्यांना आपल्या मुलखाचं नाव परक्याच्या दाढेखाली आल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी परिच्छेद गायब. सारांशात एकच शब्द: दुबार. पाहणाऱ्याला र आणि ऱ एकच वाटले असणार. त्याला मराठी येत नसावी. मी पुन्हा टाकला, पुन्हा गेला. चर्चापानावर लिहिलं, उत्तर आलं नाही. मग मी तिथे जाणं सोडलं. इतिहासाच्या यादीत तो परिच्छेद अजून असेल, ज्याला तिथे पाहायचं सुचेल त्याच्यासाठी.

राग ओसरल्यावर मी त्या माणसाच्या बाजूनेही विचार केला. त्याच्यापुढे रोज शेकडो बदल येत असणार. त्यांतले निम्मे कचरा. बिनपगारी काम. गावात गटार साफ करणाऱ्याला जसं कुणी दिवाळीला फराळाला बोलावत नाही, तशीच विकीवर झाडलोट करणाऱ्याची गत. आणि मराठीसारख्या विकीवर तर हे करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. लिहिणाऱ्याचं नाव होतं, निस्तरणाऱ्याचं फक्त भांडण होतं. असा माणूस थकला की पुसण्याचा एक अर्थ गळतो आणि दुसराच उरतो. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमित संपादकांची संख्या २००७नंतर उतरायला लागली, तेव्हा अभ्यासकांनी कारणं शोधली. त्यांत एक ठळक कारण हे निघालं की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचं पहिलंच लेखन झटपट उलटवलं जात होतं, बरेचदा यंत्राच्या मदतीने, आणि ते परत येत नव्हते. प्रत सांभाळायला म्हणून बसवलेल्या पहाऱ्याने उद्या प्रत सांभाळायला येणारी माणसंच दारातून परत पाठवली. आमच्याकडे संत्र्याच्या बागेत फवारा मारताना म्हातारी माणसं विचारतात, फुलं लागलीत का? तर आता नको, मधमाश्या येतात.

ही माणसं नसली तर एकट्याच्या हट्टावर किती निभतं? श्रीधर व्यंकटेश केतकरांचं उदाहरण घ्या. त्यांचं शालेय शिक्षण अमरावतीत झालं होतं. कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने मराठीत ज्ञानकोश काढायचा ठरवला, मंडळाची स्थापना नागपुरात केली, भागधारक गोळा केले, आणि २३ खंड काढून दाखवले. त्या कामाने त्यांना कर्जात आणि हालात लोटलं. एका माणसाच्या हट्टावर मराठीत एवढं उभं राहतं, हे खरं. दुसरी आवृत्ती मात्र हट्टावर निघत नाही. तिला दर वर्षी थोडं थोडं झटकणारे शंभर हात लागतात. सॉफ्टवेअरच्या पानाला तर दर तीन महिन्यांनी.

*

नवरात्राच्या सुमारास पुन्हा त्या दुकानात जाणं झालं. अर्ज मध्येच अडकला होता. बँक खात्याला आधार जोडलेलं असूनही पोर्टल नाही म्हणत होतं. गर्दी कमी होती. मालक नव्हता, पोरगा एकटाच.

वही बदललेली दिसली. नवी, जाड पुठ्ठ्याची. जुनी टाकली का म्हणून मी विचारलं, तर त्याने टेबलाखालून काढून दाखवली. “असू दे म्हंते भाऊ. कदी काई पाहा लागते.” नव्या वहीत प्रत्येक ओळीपुढे तारीख होती आणि एक अक्षर, लिहिणाऱ्याच्या नावाचं. शिष्यवृत्तीचं पान उघडं होतं. ‘सही २० केबी. फोटो ५० केबी.’ ‘सही’खाली दोन रेघा मारलेल्या.

भाच्याचा अर्ज शेवटी पुढे सरकला. खात्याची जोडणी बँकेत जाऊन बघावी लागली होती. आधार जोडलेलं होतं, पण भाच्याच्या दुसऱ्याच, जुन्या खात्याला. मी पावती घडी घालून खिशात ठेवली आणि निघालो, तर पोराने मागून हाक मारली. पेनाचं टोपण त्याच्या दातात होतं.

“काका, थांबा ना जरा. तुमचा फॉर्म कोठी अडकला होता अन् बँकेत कोनाले पुसलं तुमी? थे सांगा, लिवतो.”